आमचं पेटंटचं दुकान

वकिलांकडे भांडणं जमतात, डॉक्टरांकडे दुखणी जमतात. आमच्याकडे वस्तू जमतात. माणूस काहीतरी शोधून काढतो, पोत्यात घालून घेऊन येतो, अर्ज होतो, आणि नमुना आमच्याच कोपऱ्यात राहून जातो. मग चहाला आलेलं कोणीतरी विचारतं, "हे काय आहे हो?" आणि सांगावं लागतं. सांगता सांगता एकातून दुसरं निघतं, आणि चहा गार होतो.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या जवळ, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. पाटीवर नावाखाली ‘पेटंट व ट्रेडमार्क एजंट’ असं लिहिलंय. त्यातला ‘एजंट’ तेवढा वाचून कित्येक लोक विम्याचं विचारायला जिना चढतात. जे विम्यासाठी येत नाहीत ते आम्हाला पेटंटचं दुकान म्हणतात. दुकानात आम्ही दोघंच. मी, आणि वासेकर सर. सर आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. रिटायर झाल्यापासून आमच्या अर्जांना लागणारी चित्रं तेच काढतात. पेटंटच्या चित्रात मापं लिहायची नसतात, याचा त्यांना अजूनही राग आहे.

*

मूलचे पुरुषोत्तमभाऊ फॅब्रिकेशनचं काम करतात. ग्रिल, गेट, ट्रॉली. रोवण्याच्या दिवसांत बायका धानाच्या रोपांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन चिखलातून चालतात, ते पाहून त्यांनी एक घसरगाडी बनवली. चाकं नाहीत, खाली वाकवलेला पत्रा, पुढे दोर. चिखलातून ती होडीसारखी जाते. गावातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी ती एकमेकींच्या हातून ओढून घेतली, असं त्यांनी सांगितलं.

भाऊ आले तेव्हा हातात फोन होता. दुसऱ्या राज्यातल्या कोणा कारखान्याने हुबेहूब तीच गाडी विकायला काढली होती. रंग तेवढा वेगळा.

मी विचारलं, तुम्ही ही आधी कोणाला दाखवली होती का? तर ते खुश झाले. भाच्याने व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला होता, दोन वर्षं झाली होती, लाखावर लोकांनी पाहिला होता. त्यांनी तो मला पूर्ण दाखवला. व्हिडिओत ते स्वतः पत्रा किती वाकवायचा, दोर कुठे बांधायचा, सगळं नीट समजावून सांगत होते. सर माझ्याकडे बघत होते आणि मी फोनकडे.

मग सांगावंच लागलं. अर्जाच्या आधी गोष्ट जगासमोर आली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. ज्याने बनवली त्यानेच दाखवली असली तरी नाही. काही मोजक्या प्रदर्शनांना सूट आहे, पण हा व्हिडिओ त्यात बसत नव्हता.

भाऊंनी फोन बंद करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "माह्या पोरीले मी सगळ्यांसमोर पोरगी म्हणलो, तर ती माही नाई राहत काय?"

सरांनी विषय बदलावा म्हणून विचारलं की धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना मधली मातीची पाळ गाडी कशी ओलांडते. भाऊ म्हणाले, आधी उचलावी लागायची, पण आता त्यांनी खाली एक दुमडणारी पट्टी लावली आहे, दोर वर खेचला की गाडी पाळीवर चढते. ती व्हिडिओत आहे का, मी विचारलं. नव्हती. ती यंदाचीच होती, घरच्यांशिवाय कोणी पाहिली नव्हती. त्याच दिवशी आम्ही त्या पट्टीचा अर्ज लिहायला घेतला.

पट्टीचं पेटंट मिळालं. गाडी गेली ती गेलीच. मागे मी मूलला गेले होते तेव्हा वर्कशॉपमध्ये डोकावले. भाच्याने खिशातून फोन काढला तसं भाऊंनी हातातल्या कामावर पोतं टाकलं. भाचा म्हणाला, "मामा, मी टाइम पाहून राह्यलो होतो."

*

धानोऱ्याकडच्या एका गावात बायकांचा गट आहे. मोहफुलांचे लाडू करतात. डब्यावर नाव असायचं ‘सोमी’. हे डबे धानोऱ्याहून बसने गडचिरोलीला यायचे आणि तिथल्या दोन-तीन दुकानांत विकले जायचे. नावाची नोंदणी वगैरे काही नव्हती.

गटातल्या एकीची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. तिने आईला फोन करून विचारलं, आपले लाडू इकडे मॉलमध्ये कधीपासून यायला लागले? आले नव्हतेच. शहरातल्या एका व्यापाऱ्याने तेच लाडू, तेच नाव, चकचकीत डबा करून बाजारात आणले होते आणि नावाच्या नोंदणीचा अर्जही केला होता.

ट्रेडमार्कच्या कायद्यात एक चांगलं आहे. नोंदणी कोणी आधी केली यापेक्षा नाव कोणी आधी वापरलं, हे जड ठरतं. आम्ही हरकत घेतली. पण आधी वापरलं हे सांगणार कोण? गटाने कधी जाहिरात दिली नव्हती. शेवटी शपथपत्र दिलं ते एसटीच्या एका रिटायर्ड कंडक्टरने. ते स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, इतकी वर्षं हे डबे माझ्या गाडीतून गेले, नाव मी रोज वाचलं, आणि सुरुवातीला तर ती बाई स्वतः खोका मांडीवर घेऊन यायची, खाली ठेवायची नाही.

कोणती बाई, ते मला तोवर माहीत नव्हतं. सोमी हे गट सुरू करणाऱ्या बाईचं नाव होतं. ती तापाने गेली. डब्यावर नाव तिच्या जिवंतपणीच आलं होतं, बाकीच्यांनी हट्टाने घातलं होतं.

शपथपत्र गेल्यावर व्यापाऱ्याने तडजोडीचा निरोप पाठवला. आमच्याच ऑफिसात बैठक झाली. माणूस वाईट नव्हता. त्याने गटाला दर डब्यामागे काही देण्याची तयारी दाखवली, वर्षाची ऑर्डरही देऊ केली. माझ्या मते विचार करण्यासारखं होतं, आणि तसं मी बायकांना सांगितलंही. गटाच्या अध्यक्ष जनाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "पैसे नाई पाहिजे. ती मेली. तिचं नाव तुमच्या दुकानात लटकून राह्यलं. ते उतरवा."

तो गडबडला. म्हणाला, मला वाटलं सोमी हे मोहाच्या फुलाचंच तुमच्याकडचं नाव असेल.

"नाई," जनाबाई म्हणाल्या, "बाई होती. आमच्यात सगळ्यात उंच."

त्याने अर्ज मागे घेतला. छापलेले डबे संपेपर्यंत तरी विकू द्या, असं तो विचारणार होता हे मला माहीत होतं. त्याने ते विचारलं नाही.

*

जिवतीच्या डोंगरातले एक आजोबा नातीबरोबर आले होते. नात चंद्रपुरात फार्मसीला शिकते. आजोबा सांधेदुखीवर पाल्याचा लेप देतात. त्यांच्या वडिलांनी दिला, त्यांच्याही वडिलांनी दिला. मध्ये कोणीतरी पाहुणे येऊन रेकॉर्डरवर सगळं बोलणं उतरवून घेऊन गेले होते, तेव्हापासून नातीचा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या कोणी कंपनी हे स्वतःच्या नावावर करेल, त्याआधी आजोबांच्या नावावर करा, असं तिचं म्हणणं.

मी तिला कायदा समजावला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान म्हणजे शोध नव्हे. त्याचं पेटंट आजोबांनाही मिळणार नाही आणि कंपनीलाही नाही. कोणी अर्ज केलाच तर त्याला हरकत कशी घ्यायची तेही सांगितलं.

ती रागावली. म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझ्या आजोबांचं काहीच नाही?"

आजोबांनी तिला विचारलं, बाई काय म्हणते. तिने त्यांच्या बोलीत सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल होत गेला. त्यांनी मला एकच विचारलं. पलीकडच्या डोंगरावर त्यांचा साळा आहे, तोही हाच लेप देतो. "त्याले बंद नाई होणार ना?"

नाही होणार, मी म्हटलं.

ते उठले, काठी घेतली आणि दाराकडे निघाले. तेवढंच विचारायला ते एवढ्या लांब आले होते. नात बसूनच राहिली. मला त्या दिवशी दोघांचंही पटत होतं. कायदा मात्र एकाच्याच बाजूने होता.

*

मुलचेऱ्याजवळ पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावं आहेत. तिथल्या एका कुटुंबाचं मिठाईचं दुकान आहे, नाव ‘शालुकडांगा’. वडील वारल्यावर दोन भाऊ वेगळे झाले. थोरला निमाई जुन्या दुकानात राहिला, धाकट्या गौरने चामोर्शीला नवं टाकलं. दोघांनी पाटीवर एकच नाव लावलं. दोघं एकाच आठवड्यात माझ्याकडे आले, एकमेकांना न सांगता, नाव आपल्या एकट्याच्या नावावर करून घ्यायला. दोघांनीही मला तेच सांगितलं, की बाबा जे गाव सोडून आले त्याचं हे नाव आहे. मी दोघांनाही नाही म्हटलं. एकाचं काम घेतलं तर दुसऱ्याच्या विरुद्ध जावं लागेल, आधी आपसात काय ते ठरवा.

ठरलं काहीच नाही. उलट निमाईच्या माणसांनी गौरची पाटी उतरवली, प्रकरण पोलीस स्टेशनपर्यंत गेलं. मग एक दिवस त्यांची आई एकटीच बस बदलत चंद्रपूरला आली. जिना चढून आली आणि खुर्चीत बसून आधी श्वास घेतला.

मी पाणी दिलं. ती हिंदी-मराठी-बंगाली मिसळून बोलत होती. तिने सांगितलं की ते गाव नवऱ्याचं नाहीच. तिचं आहे. ती लहान मुलगी असताना आईवडिलांबरोबर तिथून निघाली. लग्न होऊन आल्यावर ती त्या गावाची आठवण काढून रडायची. नवऱ्याने दुकान काढलं तेव्हा तिला न विचारता पाटीवर ते नाव रंगवून आणलं. मुलांना हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, मग नाव तुमच्याच नावावर करू, आणि दोघांना वापरायची परवानगी तुम्ही लेखी द्या. ती म्हणाली, हेच विचारायला आले होते.

सही करायला तिने दोन्ही मुलांना बोलावलं. भाऊ एकाच बाकावर, पण दोन टोकांना बसले. करार मी वाचून दाखवला. मिठाईचा दर्जा सांभाळायचा, नाही सांभाळला तर परवानगी रद्द. गौरने अडखळत विचारलं, "माँ, पण तुझ्यानंतर काय?"

तिने सही पुरी केली, पेन टोपण लावून मला परत दिलं.

"मेरे बाद तो वो गाँव किसी ने देखा ही नहीं," ती म्हणाली. "फिर लड़ते रहना."

दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या. जाताना निमाईने आईचा एक हात धरला आणि गौरने दुसरा. जिना अरुंद आहे, तिघं एका ओळीत मावत नाहीत. तरी उतरले.

*

देवरावभाऊ सिंदेवाहीकडचे. धान पिकवतात. उन्हाळ्यात घरच्या बायका मोहफुलं वेचायला जंगलात जातात. त्यांची बायको सुनंदा अशीच गेली होती, तिथे वाघाने तिला मारलं. हे सगळं त्यांनी दारात उभं राहूनच सांगितलं, जणू ते सांगितल्याशिवाय आत बसता येणार नव्हतं. सोबत धाकट्या भावाची बायको होती, वच्छलाबाई. सुनंदाबाईंची जाऊ.

भाऊंनी पोत्यातून वस्तू काढली. निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचा तुकडा, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत येईल असा वाकवलेला. आतून लुगड्याची घडी शिवलेली. वरच्या कडेला बांबूच्या टोकदार कमच्या, आणि त्यांना बांधलेली एक दोरी कमरेच्या पट्ट्यापर्यंत गेलेली. उभं राहिलं की कमच्या पाठीवर आडव्या पडून राहतात, म्हणजे डोक्यावर टोपली घेता येते. बाई वाकली की दोरी ताणते आणि कमच्या मानेवर आपोआप उभ्या राहतात. वाकलेल्या बाईवर वाघ मागून येतो, मान धरतो. सरांनी ती चार वेळा हातात फिरवून पाहिली. मग मला हळूच म्हणाले, हे नवीन आहे.

मी अर्ज भरायला घेतला आणि संशोधकाच्या जागी त्यांचं नाव लिहू लागले. भाऊ म्हणाले, माझं नाही. हे तिने बनवलं. घरात बसून, ड्रम कापून, स्वतः वाकून वाकून पाहून. कायद्यात याला वाट आहे. माणूस गेलेला असला तरी शोध त्याच्याच नावाने नोंदतात, अर्ज वारसाने करायचा. तसं ठरलं.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, कारण सांगणं माझं काम होतं. तुम्हाला विकायचं नसेल, सगळ्या गावांनी वापरावं असं वाटत असेल, तर पेटंटची गरज नाही. फोटोसकट सगळीकडे छापून टाका. मग कोणीच त्यावर हक्क सांगू शकणार नाही.

"छापलं तर कोणाचं म्हणतील?"

"कोणाचंच नाही."

"मंग नको," भाऊ म्हणाले. "बनवायचं तर कोणीबी बनवा, मी नाई अडवत. पण तिचं म्हणले पाहिजे."

चित्रासाठी सरांना ती कोणाच्या तरी अंगावर पाहायची होती. मी वच्छलाबाईंना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि त्या भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या. शेवटी भाऊंनीच घातली, खोलीच्या मधोमध वाकून उभे राहिले. प्लास्टिकवर खोल ओरखडे होते, चार, जवळजवळ समांतर. सरांनी विचारलं, हेही दाखवायचे का? भाऊ वाकलेलेच म्हणाले, "ते नका काढू, सर."

त्या ओरखड्यांबद्दल मी काही विचारलं नाही. मी मनात धरून चालले होते की सुनंदाबाई त्या दिवशी हेच घालून गेल्या होत्या, आणि ते उपयोगी पडलं नव्हतं. नवऱ्याला हे तोंडाने कबूल करायला लावायचं माझ्याने झालं नाही. पुढे कधीतरी सरकारी अधिकारी विचारेल, तेव्हा पाहू, असं म्हणत मी ते टाळत राहिले.

चित्र तयार झालं तेव्हा भाऊ ते पाहायला आले. वस्तू ठसठशीत रेषांनी काढली होती आणि घालणारी बाई तुटक रेषांनी. पेटंटच्या चित्रात तशीच पद्धत आहे. भाऊंनी चित्रावर बोट ठेवलं.

"ही काऊन तुटक तुटक?"

सर म्हणाले, शरीर हा शोधाचा भाग नसतो, म्हणून. भाऊंनी मान डोलावली. त्या दिवशी सर लवकर घरी गेले.

तपासणीचा रिपोर्ट आला. परदेशातला कुत्र्याच्या गळ्यातला काट्यांचा पट्टा, आणखी कसलंसं खांद्याचं चिलखत, असे दाखले देऊन अधिकाऱ्यांनी हरकती काढल्या होत्या. मी उत्तरं दिली. मग सुनावणी लागली, व्हिडिओवरून. देवरावभाऊ आणि वच्छलाबाई सकाळच्या गाडीने आले. भाऊ माझ्या शेजारी कॅमेऱ्यासमोर बसले, वच्छलाबाई मागे भिंतीकडच्या खुर्चीत. एव्हाना ती त्यांचीच जागा झाली होती. दर खेपेला त्या सोबत यायच्या आणि दर खेपेला तिथेच गप्प बसायच्या. घरच्या म्हणून आधाराला येत असतील, असं मला वाटायचं.

अधिकारी सभ्य होते, हिंदीत बोलत होते. वाकल्यावर कमच्या आपोआप उभ्या राहतात हा मुद्दा मी मांडला, कुत्र्याच्या पट्ट्यात तो नाही हे दाखवलं. त्यांना ते पटल्यासारखं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, कागद बाजूला ठेवले आणि ज्याची मला इतके दिवस भीती होती तेच विचारलं. हे घातल्याने खरंच फरक पडतो, हे तुम्ही कशावरून म्हणता? कोणी वापरून पाहिलंय का?

भाऊंनी मान खाली घातली. मी, पुतळ्यावर चाचणी घेता येईल, वेळ द्यावा, असं काहीतरी बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वच्छलाबाई उठून पुढे आल्या होत्या. भाऊंनी जागा दिली. त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"साहेब, त्या दिवशी ते माह्या पाठीवर होतं," त्या म्हणाल्या. "वाघ पहिले माह्याच अंगावर आला."

अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी विचारलं, "और जिन्होंने बनाया था, वो?"

"तिनंच सकाळी माह्या पाठीवर बांधून देल्लं. एकच होतं. म्हणे, तुह्यं लेकरू लहान हाये."